प्रयोगशाळेची चावी परत द्या : बारावीच्या एका प्रकरणासाठी खुले पत्र

माननीय अध्यक्ष आणि संचालक मंडळाचे सर्व सदस्य यांस,

सविनय नमस्कार.

आपल्या कनिष्ठ महाविद्यालयात मी २४ वर्षं जीवशास्त्र शिकवते आहे. प्रयोगशाळा आणि बारावीच्या एका प्रकरणाच्या तासिका यांबद्दल आपल्या कार्यालयात दोन अर्ज दिले. दोन्हींची पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. म्हणून आता उघड लिहिते, पालकांनीही वाचावं म्हणून. संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मला कुणाची बदनामी करायची नाही, एक निर्णय बदलून हवा आहे. आणि असे निर्णय आता एकट्या आपल्याच गावात होतात असंही नाही.

या सत्रापासून आपली बारावी विज्ञानाची तुकडी 'इंटिग्रेटेड' झाली, म्हणजे कॉलेज आणि प्रवेशपरीक्षेचा क्लास एकत्र. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका क्लासशी करार झाला. त्यांनी पाठवलेल्या वर्षाच्या नियोजनात 'वंशागतीचा रेण्वीय आधार' या प्रकरणाला दोन तासिका आहेत. पुढे शेरा आहे : 'प्रयोगांचा भाग वगळावा, थेट रचना व जनुकीय संकेत घ्यावेत.' मी या प्रकरणाला आजवर बारा तासिका घेत आले. त्याच आठवड्यात प्रयोगशाळेची चावी माझ्याकडून मागून घेतली गेली. तिथली टेबलं भिंतीला लागली आहेत आणि टेस्ट सिरीजचे संगणक बसवण्यासाठी वायरिंगही सुरू झालं आहे.

दोन तासिकांत हे प्रकरण 'संपतं', हे मला मान्य आहे. ते शिकवून होत नाही, एवढंच मला आपल्याला पटवायचं आहे. त्यासाठी सहा वर्षांपूर्वीच्या एका मुलीची गोष्ट सांगते.

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आपल्या पूर्व विदर्भात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. ही मुलगी सिकलसेलची रुग्ण होती. थंडी पडली की तिची गैरहजेरी सुरू व्हायची. हातपाय असे दुखायचे की पेन धरता यायचं नाही. महिन्याकाठी ग्रामीण रुग्णालयातून गोळ्या आणायची ती आई. वडील तपासणीला कधी गेलेच नव्हते. घरात आजीचं म्हणणं ठरलेलं : सुनेच्या माहेरचं रक्तच खोटं, तिनं हे घरात आणलं. मुलगी हे लहानपणापासून ऐकत आलेली. एकदा वर्ग सुटल्यावर ती थांबली आणि म्हणाली, "मॅडम, आजी म्हणते रक्तात खोट आहे. नेमकी कुठं आहे ती?"

संचालक महोदय, ज्या प्रकरणातले प्रयोग वगळायला सांगितले आहेत, ते सगळं प्रकरण या एका प्रश्नाचं उत्तर आहे. आईबापांकडून लेकरात जे उतरतं ते नेमकं कुठे असतं? हे शोधायला माणसांना पाऊणशे वर्षांहून अधिक काळ लागला आणि वाटेत मोठमोठे जाणकार चुकले. त्या मुलीला मी 'डीएनएमध्ये' असं एका शब्दात सांगू शकले असते. पण आजीने 'रक्तात' म्हणावं आणि मॅडमने 'डीएनएमध्ये' म्हणावं, यात तिच्या दृष्टीने फरक काय? दोघींचंही ऐकूनच घ्यायचं. फरक पडतो तो आपल्याला हे कसं कळलं, ते सांगितल्यावर.

म्हणून मी सुरुवात पुवापासून करते. १८६९ साली जर्मनीत ट्युबिंगेनला एका जुन्या किल्ल्याच्या स्वयंपाकघरात प्रयोगशाळा थाटलेली होती. तिथे फ्रीडरिश मीशर नावाचा तरुण रुग्णालयातून जखमांच्या पट्ट्या मागवायचा आणि त्यांवरचा पू धुऊन घ्यायचा. पुवात पांढऱ्या पेशी भरपूर, आणि त्यांच्या केंद्रकात काय आहे हे त्याला पाहायचं होतं. त्यातून त्याला फॉस्फरसने भरलेला एक पदार्थ मिळाला. प्रथिनं पचवणारं पेप्सिन त्याला पचवू शकत नव्हतं. त्याने त्याचं नाव ठेवलं न्यूक्लिइन. त्याच्या गुरूंना, होप्पे-झायलर यांना, हे इतकं अनपेक्षित वाटलं की त्यांनी सगळे प्रयोग स्वतः करून पाहिले आणि मगच १८७१ मध्ये ते छापलं. डीएनए माणसाच्या हाती लागला तो असा, घाण पट्ट्यांमधून. ड्रेसिंगची खोली पाहिलेली आमची मुलं हे ऐकताना एकदम सावरून बसतात.

आता क्लासने छापलेल्या नोट्सच्या पहिल्या पानावरचं वाक्य पाहा : '१९५३ साली वॉटसन व क्रिक यांनी डीएनएचा शोध लावला.' हे चूक आहे. १९५३ साली डीएनएची रचना उलगडली. पदार्थ सापडून तोवर ८४ वर्षं झाली होती. ही ८४ वर्षं वगळली की सगळ्यात मोलाचा भाग गेला, तो म्हणजे इतक्या लोकांचं चुकणं.

चूक काय होती? केंद्रकातल्या गुणसूत्रांत प्रथिनंही असतात आणि डीएनएही. प्रथिनं वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची, नाना आकारांची. डीएनएमधली 'अक्षरं', म्हणजे बेस, फक्त चार : ए, टी, जी आणि सी. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधल्या फीबस लेव्हिन यांनी असं मांडलं की हे चारही सारख्या प्रमाणात, एका ठरावीक क्रमाने पुन्हा पुन्हा येतात. मग अशा एकसुरी पदार्थात नाक, डोळे, आजार हे सगळं कसं साठणार? वंशागती प्रथिनांतच असणार, असं बहुतेकांनी गृहीत धरलं. वर्गात मी इथे थांबते आणि मुलांना हात वर करायला सांगते : तेव्हा तुम्ही असता तर कोणाच्या बाजूने? जवळजवळ सगळे हात प्रथिनांच्या बाजूने वर होतात. आणि तेच बरोबर आहे, तेव्हा उपलब्ध असलेल्या माहितीवर तेच शहाणपणाचं होतं.

मग १९२८ साली लंडनमध्ये फ्रेडरिक ग्रिफिथ यांना न्यूमोनियाच्या जीवाणूंबाबत एक विचित्र गोष्ट दिसली. रोग करणारे जीवाणू उष्णतेने मारले, ते निरुपद्रवी जिवंत जीवाणूंसोबत उंदराला टोचले, आणि उंदीर मेला. त्याच्या रक्तात रोग करणारे जीवाणू जिवंत सापडले. मेलेल्यांकडून जिवंतांकडे काहीतरी गेलं होतं. ते 'काहीतरी' म्हणजे काय, हे ग्रिफिथना सांगता आलं नाही.

ते शोधलं ऑस्वाल्ड एव्हरी, कॉलिन मॅक्लिऑड आणि मॅक्लिन मॅकार्टी यांनी, १९४४ साली, आणि तेही लेव्हिन यांच्याच संस्थेत. हा प्रयोग मी दोन तासिका घेते आणि त्याबद्दल मला जराही अपराधी वाटत नाही. त्यांनी मारलेल्या जीवाणूंचा अर्क घेतला आणि त्यातलं एकेक द्रव्य नष्ट करून पाहिलं. प्रथिनं तोडणारं विकर (एन्झाइम) घातलं, तरी रोग करण्याचा गुण निरुपद्रवी जीवाणूंत उतरतच राहिला. आरएनए, म्हणजे डीएनएच्याच जातीचा दुसरा रेणू, तोडणारं घातलं, तरी तेच. डीएनए तोडणारं विकर घातलं आणि गुण उतरायचा थांबला. घरात मेन स्विच पडला की आपण एकेक बटण बंद करून दोष शोधतो, तसंच. एव्हरी तेव्हा ६६ वर्षांचे होते. त्यांच्याच संस्थेतल्या आल्फ्रेड मिर्स्की यांनी शंका काढली की अर्कात थोडंसं प्रथिन उरलं असेल. शंका रास्त होती. एव्हरींना नोबेल मिळालं नाही. नोट्समध्ये त्यांचं नाव 'इतर शास्त्रज्ञ' या तक्त्यात, एका ओळीत आहे.

आता माझी सगळ्यात गंभीर तक्रार. आल्फ्रेड हर्षी आणि मार्था चेस यांनी १९५२ साली जीवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूंवर प्रयोग केला. विषाणूला बाहेरून प्रथिनाचं कवच, आत डीएनए. जीवाणूच्या आत यातलं काय शिरतं? फॉस्फरस डीएनएमध्ये असतो, गंधक प्रथिनांत असतं. म्हणून त्यांनी किरणोत्सारी फॉस्फरस-३२ ने डीएनएला खूण केली आणि गंधक-३५ ने प्रथिनाला. विषाणू जीवाणूंना चिकटले, की बाहेर उरलेली कवचं झटकून काढण्यासाठी सगळं मिश्रण चक्क स्वयंपाकघरात असतो तशा मिक्सरमधून फिरवलं. बराचसा गंधक बाहेर राहिला, बराचसा फॉस्फरस आत गेला. म्हणजे आत गेला तो डीएनए.

क्लासच्या नोट्समध्ये हे उलटं छापलं आहे. तिथे फॉस्फरस प्रथिनाला आणि गंधक डीएनएला लावला आहे. छपाईची चूक कुणाचीही होते, मी त्यावर रागावलेली नाही. मी हादरले ते दुसऱ्याच गोष्टीने. ५२ मुलांनी ते पान पाठ केलं आणि एकालाही ते खटकलं नाही. डीएनएच्या रेणूत गंधक नसतंच, हे ज्याला प्रयोगातून समजलंय तो ती ओळ वाचताना अडखळला असता. मागच्या वर्षीपर्यंतच्या मुलांनी ही चूक मला वर्गातच दाखवली असती, याची मला खात्री आहे. आपण म्हणता, पालकांना 'नीट' या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचे गुण हवेत. मलाही हवेत. या प्रयोगांवर नीटमध्ये प्रश्न येतात, आणि हे पान पाठ करून गेलेलं मूल तो प्रश्न चुकवून येणार आहे.

दुसरी तक्रार रोझलिंड फ्रँकलिन यांच्याबद्दल. नोट्समध्ये त्यांचं नाव कुठेच नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजात त्या डीएनएच्या धाग्यांवरून क्ष-किरणांची छायाचित्रं घेत. त्यांचा विद्यार्थी रेमंड गॉसलिंग याने मे १९५२ मध्ये घेतलेल्या एका छायाचित्राला 'फोटो ५१' म्हणतात. त्यात मधोमध काळ्या ठिपक्यांची फुली दिसते, आणि अशी फुली मळसूत्रासारख्या पिळाची खूण असते. जानेवारी १९५३ मध्ये मॉरिस विल्किन्स यांनी ते छायाचित्र फ्रँकलिन यांना न सांगता जेम्स वॉटसन यांना दाखवलं. फ्रँकलिन यांच्या मोजमापांचा एक अहवालही वॉटसन आणि क्रिक यांच्यापर्यंत पोहोचला. एर्विन शारगाफ यांनी आधीच दाखवलं होतं की डीएनएत ए जेवढा तेवढाच टी, जी जेवढा तेवढाच सी. लेव्हिन यांची एकसुरी मांडणी त्यांनीच मोडीत काढली होती. हे सगळं जुळवून वॉटसन आणि क्रिक यांनी केंब्रिजला दोन पेडांची रचना उभी केली. ती बुद्धिमत्ता मोठीच होती, ते मी मुलांना मनापासून सांगते. २५ एप्रिल १९५३ च्या 'नेचर'च्या अंकात ओळीने तीन लेख आले. पहिला त्यांचा, तिसरा फ्रँकलिन आणि गॉसलिंग यांचा. फ्रँकलिन १९५८ साली, ३७ व्या वर्षी, कर्करोगाने गेल्या. नोबेल १९६२ साली वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स यांना मिळालं.

आपल्या या तुकडीत ५२ पैकी ३१ मुली आहेत. त्यांच्यापुढे ठेवलेल्या कागदावरून हे नाव गळलं, ही मला क्षुल्लक बाब वाटत नाही. तक्त्यातून मार्था चेस यांचंही नाव गळलं आहे, तिथे 'हर्षी व सहकारी' लिहिलंय.

डीएनएची नक्कल कशी होते हे दाखवणारा मेसेलसन आणि स्टाल यांचा १९५८ चा प्रयोग नोट्समध्ये 'अर्धसंरक्षी' या एका शब्दात उरकला आहे. त्यावर मी जास्त लिहीत नाही. जड नायट्रोजनवर वाढवलेले जीवाणू हलक्या नायट्रोजनवर आणले, की पुढच्या पिढीचा डीएनए बरोबर मधल्या वजनाचा निघतो, म्हणजे एक पेड जुना आणि एक नवा. फळ्यावर दहा मिनिटं लागतात.

पण हरगोविंद खोराना यांच्यावर मी थांबणार. कोणत्या अक्षरांनी कोणतं अमिनो आम्ल जोडायचं, ही भाषा म्हणजे जनुकीय संकेत. १९६१ साली अमेरिकेत मार्शल निरेनबर्ग आणि हाइनरिश मथाई यांनी फक्त 'यू' (आरएनएत टीच्या जागी येणारं अक्षर) हे एकच अक्षर असलेला आरएनए नळीत घातला आणि त्यातून फेनिलॲलॅनिन या एकाच अमिनो आम्लाची साखळी मिळाली. संकेतातला पहिला शब्द वाचला गेला तो असा. पुढे खोरानांनी ठरवून जुळवलेले आरएनए वापरले. यू-सी-यू-सी अशी एकाआड एक अक्षरं ठेवली, तर सेरिन आणि ल्युसिन अशी एकाआड एक अमिनो आम्लं मिळाली. शब्द तीन अक्षरी असेल तर हे जमतं, दोन किंवा चार अक्षरी असता तर जमलंच नसतं. मुलं स्वतः वहीत यूसीयू, सीयूसी असे तुकडे पाडून बघतात आणि एकदम कुणीतरी ओरडतं, "जमलं!" १९६६ पर्यंत चौसष्टही शब्दांचा अर्थ लागला, आणि १९६८ साली खोराना, निरेनबर्ग आणि रॉबर्ट हॉली यांना नोबेल मिळालं. खोराना १९२२ साली आजच्या पाकिस्तानातल्या रायपूर नावाच्या खेड्यात जन्मले. जेमतेम शंभर वस्तीच्या त्या गावात लिहितावाचता येणारं घर जवळजवळ त्यांचंच होतं. वडील पटवारी, म्हणजे आपला तलाठी. ज्याला आमच्या गावांत अजून पटवारीच म्हणतात.

आणि हे सगळं सातासमुद्रापारच घडलं असंही नाही. काही उत्परिवर्तनांनी, म्हणजे डीएनएतल्या बदलांनी, प्रथिनाची साखळी मध्येच तुटते, आणि जीवाणूत दुसरीकडे झालेल्या एखाद्या बदलाने ती पुन्हा पूर्ण होऊ शकते. हे दाखवणारं काम १९६२ साली ॲलन गॅरेन यांच्यासोबत ओबैद सिद्दिकी यांनी केलं. संकेतातले 'थांबा' सांगणारे शब्द ओळखण्याच्या वाटेवरचं ते महत्त्वाचं पाऊल होतं. त्याच साली सिद्दिकी मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि त्यांनी तिथे रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला. हे ऐकल्यावर दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं की तिथे जायला काय करावं लागतं.

आता त्या मुलीकडे परत येते.

बाराव्या तासिकेला मी सिकलसेल घेते. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की सिकलसेलच्या रुग्णाचं हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात वेगळ्या गतीने सरकतं, म्हणजे दोष थेट रेणूतच आहे. १९५६-५७ मध्ये व्हर्नन इन्ग्राम यांनी केंब्रिजला तो रेणू तुकडे करून तपासला. बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात. त्यातल्या फक्त सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन होतं. डीएनएच्या भाषेत, जीएजीच्या जागी जीटीजी. मधलं एक अक्षर.

मी फळ्यावर त्या 'ए'भोवती गोल केला आणि तिच्याकडे पाहिलं. ती बाकावरून उठून फळ्याजवळ आली. बराच वेळ बघत राहिली. मग तिने त्याखाली दोन चौकोन काढले, आईचा आणि वडिलांचा, आणि स्वतःच म्हणाली, "मॅडम, मग हे दोघांकडूनही यावं लागते ना? एकाकडून आलं तर मी वाहकच राहिली असती."

ती आकृती तिने वहीच्या पानावर घरी नेली. दिवाळीनंतर वडील पहिल्यांदा तपासणीला गेले. तेही वाहक निघाले, म्हणजे बदललेलं अक्षर अंगात, पण स्वतःला आजार नाही. आज ती मुलगी नर्स आहे आणि तपासणी शिबिरांत बसते.

सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ ला सुरू झाली. उद्दिष्ट २०४७ चं आहे. शिबिरात रक्त घेतलं जातं आणि हातात कार्ड मिळतं. पण दोन वाहकांनी लग्नाआधी काय विचार करावा, प्रत्येक बाळंतपणात रुग्ण मूल होण्याची शक्यता चारात एक कशी, आणि यात एकट्या आईला दोष का देता येत नाही, हे घरच्या भाषेत कोण सांगणार? आपल्याच वर्गातून निघालेली मुलं सांगणार. त्यांना ते दोन तासिकांत कसं द्यायचं, ते मला कुणीतरी दाखवावं.

प्रयोगशाळेबद्दल. आमचा केळ्याचा प्रयोग आपल्यापैकी काहींनी स्नेहसंमेलनात पाहिला आहे. पिकलेलं केळं कुस्करायचं, त्यात मीठ आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब, चहाच्या गाळणीतून गाळायचं, आणि परीक्षानळी तिरपी धरून कडेने बर्फात ठेवलेलं अल्कोहोल हळूच सोडायचं. दोन द्रवांच्या सीमेवर पांढरे तंतू वर चढू लागतात. काचेच्या काडीला गुंडाळले की ओल्या कापसासारखे लोंबतात. मीशरने पुवातून काढलेला पदार्थ याच जातीचा होता. एका केळ्यात हे होतं, खर्च वीस-पंचवीस रुपये. त्यासाठी एक नळाचं बेसिन आणि एक टेबल लागतं, आणि तेच आता काढलं जातंय.

शेवटची तक्रार लिहिताना मला संकोच वाटतो, पण लपवणार नाही. न केलेल्या प्रॅक्टिकलच्या जर्नलवर मी सह्या कराव्यात, असं मला तोंडी सांगण्यात आलं. मी करणार नाही. माझ्या वर्गात मी मुलांना सांगते की होप्पे-झायलर यांनी स्वतः करून पाहिल्याशिवाय छापलं नाही. त्याच मुलांच्या जर्नलवर मी खोटी सही कशी करू?

माझ्या मागण्या अशा आहेत. या प्रकरणाला किमान दहा तासिका मिळाव्यात आणि प्रयोगांचा भाग वगळण्याचा शेरा काढून टाकावा. क्लासच्या नोट्समधल्या चुका, विशेषतः फॉस्फरस-गंधकाची आणि '१९५३ साली शोध' ही, लेखी दुरुस्त करून प्रत्येक मुलाला द्याव्यात. दुरुस्ती मी विनामोबदला करून देईन. जर्नलवर फक्त केलेल्या प्रयोगांच्याच सह्या होतील, असं लेखी कळवावं. संगणक जुन्या ग्रंथालयाच्या रिकाम्या खोलीत बसवावेत, तिथे वीज आहे आणि जागाही आहे. प्रयोगशाळेची चावी विज्ञान विभागाकडे परत द्यावी.

इंटिग्रेटेड करार रद्द करा असं मी म्हणत नाही. तो निर्णय आपला आणि पालकांचा आहे. मागच्या वर्षी आपली दोन मुलं मेडिकलला लागली, त्यात क्लासचाही वाटा आहे, हे मी नाकारत नाही.

येत्या शनिवारी सकाळी अकरा वाजता मी केळी, मीठ, गाळणी आणि बर्फ घेऊन प्रयोगशाळेच्या दाराशी असेन. प्राचार्यांना तसं कळवलं आहे. दार उघडं असलं तर आत, नसलं तर व्हरांड्यात नळाजवळ आम्ही प्रयोग करू. संचालक मंडळाने यावं, पालकांनी यावं. ज्यांच्या घरी सिकलसेलचं कार्ड आहे, त्यांनी ते सोबत आणावं. त्यावर काय लिहिलंय ते आमची मुलं समजावून सांगतील.

आपली विश्वासू,
जीवशास्त्राची एक शिक्षिका